मातीनंतर चौथ्या दिवशी कोण येतो?



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, म्हणजे २ नोव्हेंबरला, आपण सर्व जण कबरस्तानात जमलो होतो. तरुणांनी आधीचे दोन दिवस गवत काढले, महिला मंडळाने कबरी झाडून घेतल्या, कोणी चुना लावला, कोणी झेंडूचे हार आणले. मिस्सा झाली, कबरींवर पवित्र जल शिंपडण्यात आले आणि मेणबत्त्यांच्या उजेडात आपण जपमाळ म्हटली. सन ९९८ च्या सुमारास फ्रान्समधील क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांमध्ये हा दिवस पाळण्यास सुरुवात केली आणि पुढे तो सबंध ख्रिस्तसभेचा झाला. हजार वर्षांची ही परंपरा भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या लहानशा कबरस्तानातही जिवंत आहे, याबद्दल देवाचे आभार मानू या.

त्या संध्याकाळी मेणबत्त्या विझत आल्या असताना एका भगिनीने आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. त्या मूळच्या केरळच्या, यजमानांच्या नोकरीमुळे नुकत्याच इकडे आलेल्या. त्या म्हणाल्या, "उद्या आमच्या घरात काही झाले तर पहिला फोन कोणाला करायचा?" आम्ही चार-पाच जण तिथे उभे होतो आणि प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. एक म्हणाले फादरांना, दुसरे म्हणाले डॉक्टरांना, तिसरे म्हणाले आधी पेटी करणाऱ्या सुताराला. त्या भगिनी गप्प राहिल्या. आम्हीही गप्प झालो. या रविवारचे चिंतन त्यांच्या त्या प्रश्नावर आहे.

शहरातली सोय आणि आपले गाव

मुंबई-वसईसारख्या ठिकाणी ख्रिस्ती अंत्यविधीची व्यवस्था करून देणारे व्यावसायिक आहेत. एक फोन केला की पेटी येते, शववाहिका येते, नातेवाईक दुरून यायचे असतील तर शीतपेटी येते. मृतदेहाला अंघोळ घालणे, कपडे चढवणे, फुले, वर्तमानपत्रातील निधनवार्ता, परदेशातून मृतदेह आणायचा असल्यास त्याची कागदपत्रे, हे सारे तेच पाहतात. अमेरिकेत तर यासाठी लहान गावांतही वेगळी वास्तू असते. तिला ते 'फ्युनरल होम' म्हणतात. पूर्वी तिथेही ही कामे घरातली माणसे आणि शेजारीच करीत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात घरापासून दूर मरण पावलेल्या सैनिकांचे देह औषधे भरून टिकवून घरी पाठवण्याची पद्धत वाढली आणि हळूहळू त्याचा एक व्यवसाय झाला.

आपल्या धर्मग्रामात अशी कोणतीही वास्तू नाही. आणि आपली कुटुंबे तर चहूकडून आलेली. कोणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, कोणी वरठीच्या पोलाद कारखान्यात, कोणी चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत काम करण्यासाठी आले, कोणी भगिनी दवाखान्यात परिचारिका म्हणून आल्या. अनेकांचे भाऊबंद हजार-दीड हजार किलोमीटर दूर. मयत झाली की भंडारा रोड स्टेशनवर गाडी कधी येते याकडे डोळे लावून बसायचे. अशा घराला आधार कोणाचा? उत्तर एकच आहे. आपला. या गावात शोक करणाऱ्यांचे घर म्हणजे हे मंदिर आणि त्या घरातले सेवक म्हणजे तुम्ही-आम्ही. आपण ही सेवा कशी करतो, हे आज प्रामाणिकपणे तपासायचे आहे.

आमची एक चूक

एक घटना सांगतो. ज्यांच्या घरी ती घडली त्या भावाची परवानगी घेऊनच सांगत आहोत.

भर पावसाळ्यातली गोष्ट. रोवणी आटोपत आली होती. आडवळणाच्या एका गावात आपल्या धर्मग्रामातील एक आजी रात्री अकराच्या सुमारास वारल्या. घरात मुलगा, सून आणि दोन लहान नातवंडे. लाइन गेलेली. मुलाने आमच्यापैकी तिघांना फोन लावले. एकाचा बंद होता, एकाने उचलला नाही आणि एकाने "सकाळी बघू, आता काय करणार" असे सांगितले. रात्रभर तो मुलगा आणि त्याची बायको आईजवळ बसून राहिले. डोळे मिटवायचे असतात, हनुवटी बांधायची असते, दोन-तीन तासांत अंग ताठू लागते, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. पहाटे शेजारच्या ढिवर घरातल्या म्हाताऱ्या मावशी आल्या. त्यांनीच सुनेला हाताशी धरून आजींना अंघोळ घातली. समोरच्या बौद्ध घरातून चहा आला.

सकाळी मुलगा एकटा पेटीसाठी धावला. हातात पैसे नव्हते. त्याने व्याजाने उचलले. मग गाडी ठरवली. कबर खोदायला माणसे मिळेनात. जी मिळाली त्यांनी खोदलेला खड्डा झऱ्याच्या पाण्याने भरला आणि तो बादलीने उपसावा लागला. दुपारी तीन वाजता आम्ही सगळे आलो. पांढरे कपडे घालून, हार घेऊन आलो. मिस्सा झाली, माती दिली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून "धीर धर" म्हटले आणि पाच वाजता परतलो. गर्दी चांगली होती. आम्हाला वाटले, आपण आपले कर्तव्य केले.

त्यानंतर तो भाऊ मिस्सेला दिसेनासा झाला. काही महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो रागावला नाही. पाणी दिले, बसायला दिले आणि शांतपणे म्हणाला, "फादर, मातीला सगळे आले. पण आदल्या रात्री कोणी नव्हते आणि दुसऱ्या दिवशीही कोणी नव्हते. आमच्या घरी कडू घाससुद्धा शेजाऱ्यांनी आणला."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही क्षमा मागितली. बंधुभगिनींनो, ही चूक एका माणसाची नाही. ती आपल्या सर्वांची आहे, म्हणून ती या पानावर सर्वांसमोर कबूल करीत आहोत.

पवित्र शास्त्र काय शिकवते?

मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक मानले आहे. भुकेल्याला अन्न देणे आणि उघड्याला वस्त्र देणे यांच्याच पंक्तीत ते बसते. म्हणजे ते हाताने करायचे काम आहे.

तोबितच्या ग्रंथातील तोबित आठवा. परक्या देशात, राजाचा कोप ओढवून घेऊन तो आपल्या भाईबंदांचे टाकून दिलेले मृतदेह पुरत असे. एकदा तर सणाचे ताट समोर असताना मुलाने येऊन बातमी सांगितली की, आपल्यातला एक जण मारून चौकात टाकला आहे. तोबित घास न घेता उठला. मृतदेह उचलून आणला, सूर्यास्तापर्यंत झाकून ठेवला आणि मग खड्डा खणून पुरला. शेजारी त्याला हसले. त्याने "सकाळी बघू" म्हटले नाही.

आपला विश्वासाचा पिता अब्राहाम याच्याकडे पाहा. पत्नी सारा १२७ वर्षांची होऊन वारली तेव्हा त्या देशात त्याची हातभरही जमीन नव्हती. तो परदेशी होता. शोक आवरून तो उठला आणि तिथल्या लोकांकडे कबरेसाठी जागा मागू लागला. त्यांनी त्याला आदराने वागवले. जमिनीचा मालक एफ्रोन जागा फुकट देऊ म्हणाला, पण अब्राहामाने ४०० शेकेल चांदी सर्वांदेखत मोजून दिली आणि मकपेलाची गुहा विकत घेतली. देवाने ज्याला सारा देश देऊ केला होता, त्याच्या मालकीची तिथली पहिली जमीन ही पत्नीची कबर होती. आपणही इथे संख्येने थोडे. आपल्या कबरस्तानाची जागा मिळवण्यासाठी ज्या वडीलधाऱ्यांनी खेपा घातल्या, त्यांची आठवण हा अध्याय वाचताना यावी.

आणि प्रभूचा स्वतःचा दफनविधी? प्रेषित पांगले होते. पण अरिमथाईकर योसेफ धीर करून पिलाताकडे गेला आणि परवानगी घेऊन आला. आजच्या भाषेत कागदपत्रांचे काम त्याने केले. नवे तागाचे कापड आणि स्वतःची नवी कबर त्याने दिली. निकदेम गंधरस आणि अगरू घेऊन आला, तेही थोडेथोडके नव्हे, तीस किलोंच्या वर. स्त्रिया कबर कुठे आहे ते नीट पाहून गेल्या आणि शब्बाथ संपताच पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन परत आल्या. ज्या स्त्रिया मातीनंतर पुन्हा आल्या, त्यांनाच पुनरुत्थानाची वार्ता सर्वांत आधी कळली. हे आपण विसरू नये.

प्रार्थनाविधी: तीन ठिकाणे

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली ख्रिस्तसभेने अंत्यविधीचा सुधारलेला प्रार्थनाग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तीन ठिकाणे आहेत: घर, मंदिर आणि कबर. घरी आपण कुटुंबासोबत जागरण करतो, शास्त्रवाचन ऐकतो, जपमाळ म्हणतो. मंदिरात पेटी पास्काच्या मेणबत्तीजवळ ठेवली जाते. तिच्यावर पवित्र जल शिंपडतात ते बाप्तिस्म्याच्या आठवणीसाठी. ज्या पाण्याने या व्यक्तीचा देवाच्या कुटुंबात प्रवेश झाला, त्याच पाण्याने तिला निरोप. धूप दाखवतात, कारण हे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर होते. कबरेशी आपण तिला मातीच्या स्वाधीन करतो, पण कायमची नाही. प्रभू परत येईपर्यंतची ही ठेव आहे.

या तीनपैकी मंदिरात आणि कबरेशी आपण भरपूर असतो. घरच्या जागरणाला मात्र जवळचे चार नातेवाईकच असतात. नेमक्या त्या रात्री घर सर्वांत एकटे असते.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पवित्र गुरुवार, शुभ शुक्रवार व पवित्र शनिवार, तसेच आगमनकाळ, उपवासकाळ आणि पास्काकाळातील रविवारी अंत्यविधीची मिस्सा करता येत नाही. त्या दिवशी शास्त्रवाचन व प्रार्थना करून दफन होते आणि मृतासाठी मिस्सा नंतर सोयीच्या दिवशी अर्पण करतात. "आमच्या माणसाला मिस्सा नाकारली" असे कोणी मनात धरू नये.

घरात मृत्यू आल्यास काय करावे?

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता क्रमाने देतो. हे पान कापून घरात जपून ठेवावे.

१. माणूस गंभीर आजारी असतानाच फादरांना बोलवा. रुग्णाभ्यंग आणि अखेरची कम्युनियन हे संस्कार जिवंत माणसासाठी आहेत. "फादर आले की आजारी माणूस घाबरेल" म्हणून आपण थांबतो आणि मग उशीर होतो. १०८ ची रुग्णवाहिकाही जिवंत रुग्णासाठीच आहे. मृतदेह नेण्यासाठी शववाहिका वेगळी पाहावी लागते.

२. मृत्यू घरी झाला तर डॉक्टरांना बोलावून मृत्यूची खात्री व कारण लिहून घ्या. दवाखान्यात झाला तर तिथून कागद घेतल्याशिवाय निघू नका.

३. अपघात, सर्पदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे, आत्महत्या किंवा कोणताही संशय असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय मृतदेह हलवू नका. शवविच्छेदन नको म्हणून घाईने माती देणारी कुटुंबे पुढे अडचणीत येतात. शेतात काम करताना साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसाला २ लाख रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी हेच कागद लागतात.

४. डोळे मिटवा, हनुवटीखालून पट्टी बांधा, हातपाय सरळ करा. हे पहिल्या दोन तासांत व्हावे. आपल्या महिला मंडळातील भगिनी आणि वडील मंडळी हे काम जाणतात. त्यांना हाक मारण्यात संकोच करू नका.

५. दफनाची वेळ फादरांशी बोलून मगच नातेवाइकांना कळवा. दुरून कोणी यायचे असेल तर शीतपेटीची सोय पाहावी लागते आणि तिला वीज लागते, हे ध्यानात ठेवा.

६. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. ती विनाशुल्क होते. पुढे विलंबशुल्क, परवानग्या आणि प्रतिज्ञापत्रे यांचा फेरा सुरू होतो. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. माणूस साकोलीचा असला तरी नागपूरच्या दवाखान्यात वारला तर नोंद नागपूरला. नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहिले आहे ना, ते पाहा. आपल्याकडे बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे आणि हाक मारायचे तिसरे असते. विधवा बहिणीचे निवृत्तिवेतन या एका अक्षरापायी अडते.

७. मंदिराच्या मृत्युनोंदवहीतही नोंद करून घ्या.

काही नाजूक प्रसंग

काही घरांत दुःखासोबत लाजही येते. अशा घरांशी आपण अधिक कोमलतेने वागायला हवे.

आपल्या विदर्भाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख फार जवळून पाहिले आहे. एके काळी आत्महत्या केलेल्या व्यक्तीला ख्रिस्ती दफन नाकारले जाई. १९८३ च्या धर्मसंहितेत ती बंदी राहिलेली नाही. तीव्र मानसिक त्रासात, भीतीत माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्या आत्म्याला तारण्याचे मार्ग देवाला ठाऊक आहेत, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ती अशा लोकांसाठी प्रार्थना करते. तेव्हा अशा घरी जाऊन "का केले, कसे केले" हे विचारू नका. जवळ बसा.

ज्या बाळाचा बाप्तिस्मा होण्याआधीच मृत्यू झाला त्याचे काय? आई-वडिलांची त्याला बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती, तर बिशपांच्या परवानगीने त्याचाही ख्रिस्ती अंत्यविधी होऊ शकतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्या मातांचा आक्रोश हा जिल्हा विसरलेला नाही. बाळ एक दिवसाचे असो की एका तासाचे, आईसाठी ते पूर्ण माणूस असते आणि देवासाठीही. "दुसरे होईल" हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्याही तोंडून निघू नये.

दहनाबद्दलही विचारणा होते. ख्रिस्तसभा दफनाला प्राधान्य देते, पण १९६३ पासून दहनालाही परवानगी आहे, मात्र ते पुनरुत्थानावरील विश्वास नाकारण्यासाठी केलेले नसावे. २०१६ साली रोमहून आलेल्या सूचनेप्रमाणे अस्थी पवित्र जागी ठेवाव्यात, नदीत सोडू नयेत वा इकडेतिकडे विखरू नयेत. आपल्या काही कुटुंबांत हिंदू सोयरे असतात आणि ते प्रेमानेच अस्थी वैनगंगेत सोडण्याचा आग्रह करतात. त्यांच्याशी वाद घालू नये. मृतासाठी एक जागा असावी, जिथे नातवंडे येऊन मेणबत्ती लावतील, ही आपली श्रद्धा शांतपणे समजावून सांगावी. अडचण असेल तर फादरांशी आधी बोला.

खर्च आणि देखावा

दुःखातला माणूस घासाघीस करू शकत नाही. हे जगभर खरे आहे. अमेरिकेत अंत्यविधीच्या व्यवसायात लोकांची फसवणूक होऊ लागली तेव्हा १९८४ पासून तिथे नियमच लागू झाला की, प्रत्येक सेवेची किंमत वेगवेगळी लिहून दाखवावी आणि कुटुंबाने हवे तेवढेच घ्यावे. आपल्याकडे फसवणारा बाहेरचा नसतो. आपणच एकमेकांवर ओझे टाकतो. अमक्याची पेटी सागवानाची होती, तमक्याच्या महिन्याच्या मिस्सेला दोनशे पाने उठली, अशी चर्चा आपण करतो आणि गरीब भाऊ ती ऐकून कर्ज काढतो. साध्या लाकडाची पेटी, एक क्रूस, स्वच्छ कपडे आणि हातात जपमाळ एवढे पुरेसे आहे. आपला प्रभू तर दुसऱ्याच्या कबरेत झोपला.

चौथा दिवस

शुभवर्तमानात लाजरसच्या मृत्यूची हकिगत आहे. प्रभू येशू बेथानीला पोहोचला तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर धावत आली आणि तिने तक्रार केली की, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरियेनेही तेच म्हटले. प्रभू रागावला नाही. तिच्या विश्वासाला त्याने आधार दिला, कबर कुठे आहे ते विचारले आणि रडला. तो लाजरसला जीवन देणार होता, हे त्याला माहीत होते. तरीही आधी तो रडला.

लाजरस बाहेर आला तेव्हा प्रभूने आजूबाजूच्या लोकांना एक काम सांगितले. त्याच्या अंगावरची बंधने सोडा, त्याला जाऊ द्या. जीवन देणे देवाचे काम होते. दगड बाजूला करणे आणि गाठी सोडणे हे त्याने लोकांवर सोपवले.

मातीनंतरच्या चौथ्या दिवशी घर कसे असते, ते पाहिले आहे का? मंडप निघालेला असतो, पाहुणे परतलेले असतात. एक खाट रिकामी असते. औषधांच्या बाटल्या कोपऱ्यात तशाच असतात. पोरे शाळेत जायची असतात, धानाला पाणी द्यायचे असते आणि बाईला चुलीपुढे बसवत नाही. ग्रामपंचायतीचे, बँकेचे कागद समोर पडलेले असतात. याच दिवशी मनात तो प्रश्न उठतो, "देवा, तू कुठे होतास?" त्या दिवशी दारात कोणी उभे असेल, तर त्या माणसाच्या रूपाने प्रभूच बेथानीला आलेला असतो.

कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत आपण हे सारे हिरावले गेलेले अनुभवले. वीस माणसांची मर्यादा होती. कित्येकांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही. मुंबईत वस्तीजवळच्या कबरस्तानात कोविडचे दफन नको म्हणून काही जण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी त्यांची मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा माणसाच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे मानले. तेव्हा जाता येत नव्हते म्हणून आपण तळमळलो. आता जाता येते. मग आपण जातो का?

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. धर्म, जात कोणी विचारली नाही. आपली सेवाही भिंतीच्या आत अडकू नये. ज्या ढिवर मावशींनी आपल्या आजींना अंघोळ घातली, त्यांच्या घरी असा प्रसंग आला तर आपल्या महिला मंडळाच्या भगिनी पहाटे तिथे असाव्यात.

आपण काय करणार?

या महिन्यात आपण चार गोष्टी ठरवू या.

पहिली, प्रत्येक भागातील दोन कुटुंबांचे फोन नंबर मंदिराच्या फलकावर लागतील. रात्री कधीही फोन आला तर तो उचलला जाईल आणि त्यांपैकी कोणीतरी त्याच रात्री त्या घरी जाईल.

दुसरी, एक साधी पेटी, फावडी, कुदळी, घमेली, दोर, बादल्या आणि ताडपत्री मंदिरामागच्या खोलीत कायम तयार राहतील. कबर खोदण्यासाठी तरुणांनी आपली नावे द्यावीत. हे काम हलके नाही आणि हलक्या दर्जाचेही नाही.

तिसरी, मृतांसाठीच्या या महिन्यातील एका रविवारचे दान वेगळे ठेवले जाईल. ज्या घरी गरज असेल तिथे ते गाजावाजा न करता पोहोचेल. कोणीही पेटीसाठी व्याजाने पैसे काढू नयेत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मातीनंतर चौथ्या दिवशी दोन जण त्या घरी जातील. डबा घेऊन जातील, थोडा वेळ बसतील, कागदपत्रांचे विचारतील आणि एक जपमाळ म्हणून येतील. मग महिन्याने एकदा आणि वर्ष होईपर्यंत सणावाराला जातील. पहिला नाताळ त्या घराला फार जड जातो. यासाठी विशेष बोलता येण्याची गरज नाही. जास्त न बोलणाराच तिथे अधिक उपयोगी पडतो.

ज्या भावाची गोष्ट सांगितली तो अजून रविवारच्या मिस्सेला येत नाही. पण गेल्या महिन्यात आपल्यातले एक आजोबा वारले तेव्हा सकाळी सहा वाजता तो स्वतःची कुदळ घेऊन कबरस्तानात आला. कोणी बोलावले नव्हते. त्याने कबर खोदली, हात धुतले आणि कोणाशी फारसे न बोलता घरी गेला. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करीत आहोत. तुम्हीही करा आणि वाटेत भेटला तर त्याच्या मुलांची चौकशी करा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू बेथानीच्या वाटेवर चालत गेलास आणि रडणाऱ्या बहिणींसोबत रडलास. आमच्या धर्मग्रामातील सर्व मृतांना तुझ्या शांतीत घे. ज्यांच्यासाठी मेणबत्ती लावणारे कोणी उरले नाही, त्यांची विशेष आठवण ठेव. शोक करणाऱ्या घरी आम्ही उशिरा गेलो, लवकर निघालो, त्याची आम्हाला क्षमा कर. रात्री हाक आली तर उठण्याचे बळ आम्हाला दे. दुःखमाते मरिये, क्रुसाखाली उभी राहिलेल्या आई, आम्हालाही उभे राहायला शिकव. आमेन.